आबांचा कान

मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगली सात-आठ वर्षं जळत होतो, आणि त्यातली निम्मी वर्षं तिला ते ठाऊक होतं. म्हातारपणी माणसं बहिणीची आठवण काढतात ती नाक ओढत, आवाज मऊ करून. मला ते सोंग येत नाही. तिच्यावर माझा जीव होता की नव्हता हे मला अजून नीट सांगता यायचं नाही. पण तिचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखायचं, हे मात्र शपथेवर सांगतो.

आम्ही सोनगीरचे तांबट. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची आळी, आणि आळीत उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोडे. बाहेरगावचा पाहुणा आला की दोन दिवस कानांत बोटं घालून हिंडायचा आणि तिसऱ्या दिवशी आमच्यासारखाच ओरडून बोलायला लागायचा. त्या आवाजापायी आळीतल्या बहुतेक पुरुषांचे कान चाळिशीच्या आतबाहेर जायचे. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, जरा लवकरच गेले. त्याचं कुणाला फारसं वाटायचं नाही. सुताराच्या बोटाला तासणी लागते, तांबटाचे कान जातात, एवढंच.

पण अडचण होती ती भांड्याच्या बोलाची. घागर किंवा हंडा दोन तुकड्यांत ठोकतात, बूड वेगळं, खांदा वेगळा. पोटाशी दोन्हींना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे, वर टाकणखार आणि पितळेचा कीस लावायचा आणि भट्टीवर धरायचं. पितळ पाणी होऊन सांध्यात शिरतं आणि सांधा बसतो. मग सगळं अंग मठारायचं, म्हणजे हातोडीचे ठोके ओळीनं शेजारीशेजारी घालून तांबं कठीण करायचं. सांध्यात केसाएवढी फट राहिली तर डोळ्याला दिसत नाही, पण भांड्यावर बोटाचं पेर मारलं की कळतं. चांगला हंडा लांब बोलतो. फट असलेला मधेच तोंड मिटतो. आबांना पेर मारलेलं बोटाला लागायचं, कानाला काही यायचं नाही.

म्हणून आबांनी आमच्या घरापुरती एक रीत पाडली होती. भांडं तयार झालं की पाणी भरून ते चाळलेल्या कोरड्या राखेवर बसवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलून राख बघायची. राखेवर काळा ठिपका दिसला की संपलं. दुसऱ्या तांबटानं त्या ठिपक्याच्या जागी पुन्हा डाग देऊन फट बुजवली असती आणि भांडं विकलं असतं. आबा ते भांडं दाराबाहेर ओट्यावर आणायचे, आळीच्या देखत घण घालून चेपायचे आणि तो चोळामोळा पत्रा वितळवायच्या ढिगात टाकायचे. तोंडातून शब्द नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं. पण राखेला फक्त गळती कळते. आज न गळणारा आणि वर्षभरानं उकलणारा सांधा राखेला कळत नाही, आणि आबांना रुखरुख होती ती त्याचीच.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती सहा वर्षांची असताना एकदा ओट्यावर सागरगोटे खेळत होती, आणि तिचा एक गोटा उडून नव्या घागरीला लागला. ती म्हणाली, "आबा, हाई घागर कण्हस." मायनं, म्हणजे आमच्या आईनं, ते आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा ते हसले. राख कोरडी होती, गिऱ्हाईक घागर घेऊन गेलं. चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक शिंदखेड्याहून परत आलं, घागरीचा सांधा उकललेला. आबांनी त्याला मुकाट्यानं दुसरी घागर दिली. मग पोरीला हाक मारली, तिच्यापुढे तीन घागरी मांडल्या आणि म्हणाले, "माय, ऐक बरं."

लेकीला माय म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. तिनं तिन्हींवर बोट मारलं आणि एक बाजूला सारली. आबांनी ती फोडली, सांधा आतून बघितला, आणि मग तिच्याकडे बघितलं. काय ते बघणं! मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि तीन वर्षं भाता ओढत होतो. दंडाला गोळे आले होते, भुवया दोनदा जळल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी तसं एकदाही बघितलं नव्हतं. आणि ही बया, जिच्या बोटाला काजळीचा डाग नाही, तिला ते खेळता खेळता मिळालं.

दुसऱ्याच दिवशी आबांनी ऐरणीशेजारी तिच्यासाठी एक पाट मांडला. त्या पाटावर बसून ती आमच्या घरच्या प्रत्येक भांड्याचा बोल ऐकायची आणि मान हलवायची. होकाराची मान हलली की आबा आमच्या घरचा ठसा उठवायचे, काठाच्या आत, कडुनिंबाचं इवलंसं पान. धुळ्यापासून शिरपूरपर्यंत बायका घागरीच्या तोंडात बोट घालून ते पान चाचपायच्या आणि मग घासाघीस करायच्या.

मी पंधरा वर्षांचा झालो तेव्हा आबांनी मला अख्खा हंडा एकट्यानं करू दिला. तोवर त्यांची शिकवण म्हणजे माझ्या मुठीवर त्यांची मूठ. ठोका चुकला की ते माझा हात उचलायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. माझा पहिला हंडा राखेवर गळला, ते मी समजू शकतो. दुसराही गळला. तिसरा मात्र कोरडा राहिला. मी आनंदानं आळीत नाचून आलो. परत येतो तो ही पाटावर बसलेली. तिनं दोनदा बोट मारलं आणि मान आडवी हलवली. तिला बोलावंही लागलं नाही. तिची मान हलली आणि माझे दहा दिवस मातीत गेले. आबांनी घण उचलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तिला परसात गाठलं. "तुले काय समजस? तू कधी हातोडा धरेल शे का?"

"मी काय करू, भाऊ?" ती म्हणाली. "तो बोलस तेच मी सांगस."

तेच तर! तिला काहीच करावं लागत नव्हतं. लबाडी करून ती मला पाडत असती तर मी तिला बदडून मोकळा झालो असतो. चौथा हंडाही तिच्या मानेनं गेला, आणि पाचवाही. चौथा तिच्यापुढे जाण्याआधी मी एक डाव केला होता. माझा हंडा लपवला आणि त्याच्या जागी आबांनी नुकताच संपवलेला, अजून ठसा न उठवलेला हंडा ठेवला. म्हटलं, आता नाही म्हण, म्हणजे आबांनाच कळेल हिच्या कानाची किंमत. तिनं डोळे मिटूनच बोट मारलं. "हाऊ तुना नही शे, भाऊ," ती हळूच म्हणाली. मग तिनं पुन्हा बोट मारलं आणि आबांकडे बघून मान आडवी हलवली.

मी खूश झालो. आबांनी हंडा ओळखलाच होता, आपल्या हाताचे ठोके कोण ओळखणार नाही? ते हंड्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. मग स्वतःचा हंडा उचलून ओट्यावर नेला आणि घण घातला. समोरच्या ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. आबांनी पत्रा ढिगात टाकला, हात धुतले आणि भाकरी खायला बसले. एरवीसारखीच दोन भाकरी खाल्ल्या, मिरचीचा ठेचा मागून घेतला. असा बाप मिळाला याचं मला त्या दिवशी काहीतरी वाटायला हवं होतं. मला दिसलं ते एवढंच की तिच्या एका मानेपुढे हा माणूस स्वतःचं कामसुद्धा मोडतो. मायनंही तेवढ्यात मीठ चोळलं. माझ्या पानात भाजी वाढताना म्हणाली, "तुना बाप लेकनं आयकस नही, आंडेरनं आयकस." लेक म्हणजे मी, आंडेर म्हणजे मुलगी, ती. माय थट्टा करत होती. मी ताट सारून उठलो.

पुढे तर आळीतले लोकही आपली भांडी घेऊन तिच्यापुढे यायला लागले. माझ्या बापाच्या वयाचे तांबट, मिशा पिकलेले, परकर नेसलेल्या पोरीपुढे घागर ठेवून उकिडवे बसायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मी भात्याशी. माझ्याकडे कुणी बघायचं ते विस्तव कमी झाला म्हणून.

ती चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न ठरलं. स्थळ बोदवडचं, तेही तांबटाचंच घर, बाजारात भांड्यांचं दुकान. मला केवढं हायसं वाटलं! पण आमच्या लोकांत आंदणाचा हंडा माहेरी ठोकलेला असावा लागतो, आणि सासरी पहिल्या सकाळी त्यात पाणी तापवून ते सासऱ्याला आंघोळीला द्यायचं असतं. सासरा तांबट असला म्हणजे अंगावर तांब्या घेण्याआधी तो हंडाच उलटसुलट बघणार. त्या हंड्यावर बापाची अब्रू असते.

आबांच्या मनगटाला तेव्हा कंप सुटला होता. त्यांनी मला बोलावलं. "हिना हंडा तू कर," ते म्हणाले. मग म्हणाले, "राख कोरडी ऱ्हायनी आनि हाई बरा म्हननी, का ठसा तुना."

ठसा माझा! म्हणजे मी तांबट. म्हणजे माझ्या हातचं भांडं माझ्या शब्दावर घराबाहेर जाणार. दोन वर्षं मी ज्यासाठी बोटं ठेचून घेत होतो ते मिळणार होतं, फक्त तिच्या एका होकाराचं अंतर होतं. तेवढंच डोळ्यांत खुपत होतं.

खोटं कशाला बोलू, तो हंडा मी जीव ओतून केला. बूड असं गोल आलं की आबांनी त्यावरून दोनदा हात फिरवला. सांधा बसवायचा दिवस उजाडला. त्या कामात हंडा विस्तवावर सतत फिरवत राहावा लागतो आणि नजर सांध्यावरून हलवायची नसते. कीस लाल होतो, चकाकतो, मग एकदम पाणी होऊन धावतो. ते पाणी सगळ्या सांध्याभोवती फिरून येईपर्यंत हात भाजला तरी थांबायचं नाही. माझं अर्ध्याहून जास्त झालं होतं. तेवढ्यात समोरच्या घरचे एक म्हातारे तांबट आपली घागर घेऊन ओट्यावर आले. ही आता जाणार म्हणून जो तो तिच्याकडून भांडी ऐकून घ्यायला धावत होता. तिनं त्यांच्या घागरीवर बोट मारलं, होकाराची मान हलवली, आणि ते म्हातारे आळीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हाई गयी म्हंजे बठ्ठी आळी बहिरी व्हई!"

आबांना शब्द कळले नसतील, पण त्या माणसाच्या तोंडावरून काय ते कळलं. ते हसले. आणि माझी मान वळली. मला ते हसू बघायचं होतं, दुसरं काही नाही. मान वळली तसा हातही थांबला असणार. पुन्हा बघितलं तेव्हा एका जागी पितळ न धावताच थिजलं होतं. मी पुन्हा विस्तव फुंकला, पुन्हा फिरवलं, आणि मनाला बजावलं की बसला असेल.

मठारून झालं. दुपारी घरात कुणी नव्हतं. माय आणि बहीण शेजारच्या बायकांकडे लग्नाच्या कामाला गेल्या होत्या, आबा धुळ्याला. मी हंड्यात पाणी भरलं आणि वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं सांध्यावर एक थेंब आला, घाम यावा तसा. मी पुसला. पुन्हा आला.

लग्न चार दिवसांवर होतं. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी तो फोडला असता, कापत्या हातानं दुसरा करायला बसले असते, आणि ठसा गेला असता. आणि ही पाटावर बसून बघत राहिली असती. ते काही केल्या मला सहन होईना. हत्यारांच्या मुठी बसवायला घरात लाख असते. मी लाख पातळ केली, आतून फटीत भरली, वर तांब्याची भुकटी घासली. पाणी भरून बघितलं. कोरडा. विस्तवावर लाख टिकत नाही हे तांबटाच्या मुलाला कुणी सांगायला नको. पण विस्तव बोदवडला पेटणार होता. आज राख होती, आणि तिचा कान होता.

राख कोरडी राहिली. आबांनी तिला बोलावलं. तिच्या हाताला हळद होती, अंगावर पिवळं लुगडं. ती पाटावर बसली आणि तिनं बोट मारलं. मी राखेकडे बघत होतो. तिनं दुसऱ्यांदा मारलं, सांध्याच्या जवळ. माझ्या मानेवर तिची नजर मला कळत होती.

"बरा शे, आबा," ती म्हणाली, आणि आबांना दिसावी म्हणून मोठ्यानं मान हलवली.

आबांनी ठसा माझ्या हातात दिला. मी हंड्याच्या काठाला कडुनिंबाचं पान उठवलं. पान स्वच्छ उठलं. मग मला हसू यायला लागलं. म्हटलं, बघा! हिला काही ऐकू येत नाही! इतकी वर्षं ही अंदाजपंचे मान हलवत होती, आणि हिच्या थापांवर माझे हंडे फुटले. त्या रात्री मी इतका गाढ झोपलो की माय उठवायला आली. आणि तिची पाठवणी झाली, गोणपाटात गुंडाळलेला हंडा गाडीत चढला, तेव्हाही माझ्या मनात एकच होतं. गळला तर गळू दे. होकाराची मान माझी नव्हती.

मग मी बोदवडच्या निरोपाची वाट बघायला लागलो. रोज. धुळ्याकडून मोटार आली की मी आग्रा रोडवर जाऊन उभा राहायचो. एक महिना गेला, दीड गेला. ना चिठ्ठी, ना बोलणं. आबा माझ्या भांड्यांवर माझ्याच हातानं ठसा उठवू देत होते आणि मला त्याची चव लागत नव्हती.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्या खान्देशात आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी, आणि तिला आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. मी चाळीसगाव, जळगाव करत रेल्वेनं बोदवडला उतरलो. सगळ्या वाटेत मी बोलायची तयारी करत होतो, की सांध्याचं काय ते तिला विचारा, तिनं ऐकला होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर हंडा दिसला. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. पाण्यानं भरलेला. बुडाला काजळीचा ठिपकाही नाही.

तिची सासू पाण्याचा तांब्या देता देताच सुरू झाली. "तुमच्या सोनगीरची रीतच न्यारी हो, मुराळी! माहेरचा हंडा वर्षभर विस्तवावर ठेवायचा नाही म्हणे! पहिल्या दिवशी सासऱ्याला गार पाण्यानं आंघोळ घातली हिनं. माघातली थंडी! आठ दिवस शिंकत होते. गावात आता हिला गार पाण्याची सूनच म्हणतात."

अशी रीत आमच्याकडे नव्हती. कुणाकडेच नव्हती. मी "हो, आहे खरी" म्हणालो. सासरे कोपऱ्यात बसून हंड्याकडे कौतुकानं बघत होते. तेही आमच्यासारखेच ठार बहिरे. बहीण आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. भुसावळ गेल्यावर मी विचारलं, "तुले ऐकू उनं व्हतं?"

"उनं व्हतं."

"मंग बरा काब्र म्हननी?"

ती म्हणाली, "तुना पाच हंडा फुटनात, तीन मन्ही मानवर. सहावा फोडाले जीव नही व्हयना." आणि मग मला विचारायला लागली की आपल्या गायीला काय झालं, गोऱ्हा की कालवड.

इथे मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असं लिहायला फार बरं वाटलं असतं. मी ठेवलं नाही. मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे तिचा कान खरा होता, आणि वर तिचं मनही माझ्याहून मोठं होतं. गावभर हसं करून घेतलं, सासूचे टोमणे खाल्ले, आणि हे सगळं ती गोऱ्हा-कालवड विचारल्यासारखं सांगत होती. कान देवानं दिला म्हणून मी इतकी वर्षं देवाला शिव्या घातल्या होत्या. हे मात्र तिनं स्वतः केलं होतं. जळफळाट असा की जळगाव कधी आलं ते कळलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न केला, "हंडा कसा शे, माय?"

"बरा शे," ती म्हणाली आणि मान हलवली.

तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. तसं बघितलं, ज्यासाठी मी नऊ वर्षांचा असल्यापासून तळमळत होतो. आणि ते मला घेता येईना, कारण ते तिनं मला दिलं होतं. हिच्या दानावर मी जन्मभर तांबट म्हणून मिरवायचं? मला पश्चात्ताप झाला असं समजू नका. मला तिच्याहून चांगलं व्हायचं होतं, निदान एकदा, निदान आबांच्या देखत.

"आबा, तो हंडा फुटेल शे," मी म्हणालो.

आबांनी कानाशी हात नेला. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान पुढे केली. बहिणीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "भाऊ, नको." मी दंड सोडवला आणि आळीच्या हातोड्यांवरून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "हंडा फुटेल शे, आबा! मी लाख भरेल व्हती!"

समोरचा हातोडा थांबला. मग शेजारचा. मग एकेक करत खालच्या टोकापर्यंत सगळे थांबले. भर दिवसा आमची आळी गप्प झालेली मी तेवढीच एकदा बघितली.

मी मार खायला तयार होतो. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते बहिणीला म्हणाले, "तुले ऐकू उनं व्हतं?"

तिनं मान हलवली.

"आनि बरा म्हननी?"

तिनं पुन्हा मान हलवली. आबा उठले, माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांगी दिनं, बरं करं," ते म्हणाले, आणि आत गेले. तिला ते काहीच बोलले नाहीत.

माय दोन दिवस मला बोलली नाही, पण आबा नेहमीसारखेच होते. निदान माझ्याशी. आळीतल्या सासुरवाशिणी झोका बांधून गाणी म्हणत होत्या; बहीण त्यांच्यात गेली नाही. ती सांजोऱ्या करायच्या निमित्तानं घरातच राहिली, आणि घरातून ओट्याकडे तिचं लक्ष. आबांची एक घागर राखेवर होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलली, राख बघितली, कोरडी. ऐरणीशेजारचा पाट तिनं आल्या आल्याच पुसून ठेवला होता. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आबांनी पाट उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "आते तू ऐक," ते म्हणाले.

मी बसलो. बोट मारलं. घागर वाजली. मला सगळ्या घागरी सारख्याच वाजतात; तेव्हाही वाजायच्या, आजही वाजतात. पुन्हा मारलं, सांध्याजवळ, ती मारायची तसं. काही कळलं नाही. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर मला ते दिसलं. घागरीत खोट होती, आणि ती तिनं दारातूनच ऐकली होती. तिनं आबांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते.

"आबा, माले समजत नही. तिले ईचारा," मी म्हणालो.

परवा आळी थांबेल इतकं ओरडलो होतो. हे मी इतकं हळू म्हणालो की फक्त तिलाच ऐकू गेलं. आबांनी माझे ओठ हललेले बघितले, तो होकारच समजून समाधानानं मान डोलावली आणि ठसा माझ्या हातात दिला.